विकास जमिनीवर उतरतो तेव्हा

विदर्भात वाढलेल्या माणसाला अनुशेष म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. डिसेंबरात नागपुरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरले की विदर्भाला महाराष्ट्रात आणताना न्याय्य वाट्याचे वचन देणाऱ्या १९५३ च्या नागपूर कराराची आठवण निघते, वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ च्या अहवालात मांडलेला राज्यभरातला ३,१८६ कोटी रुपयांचा अनुशेष आणि त्यातला विदर्भाचा मोठा वाटा पुन्हा सांगितला जातो, आणि राज्याच्या विकासात आपल्याला काय मिळाले, काय मिळाले नाही याची उजळणी होते. त्या समितीच्या पद्धतीचा मी मनापासून आदर करते. रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा एकेका क्षेत्रात राज्याची सरासरी काढायची आणि कोणता जिल्हा त्या सरासरीच्या किती खाली आहे ते रुपयांत मांडायचे, ही रीत साधी होती आणि तिच्यामुळे एका जुन्या अन्यायाला आकडा मिळाला. पण तो हिशेब जिल्ह्याच्या सीमेपाशी थांबतो. जिल्ह्याच्या आत कोणाच्या घरात काय पोहोचले, हे त्यात दिसत नाही आणि ते दाखवण्याची जबाबदारी त्या समितीवर सोपवलेलीही नव्हती.

गेल्या दहा-बारा वर्षांत नागपूर शहराला जे मिळाले ते पाहिले तर हा प्रश्न टाळता येत नाही. ११ डिसेंबर २०२२ या एकाच दिवशी मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचे लोकार्पण झाले, समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा भाग खुला झाला आणि मिहानमधल्या एम्सचे उद्घाटन झाले. मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचा मंजूर खर्चच ८,६८० कोटी रुपयांचा होता. दांडेकर समितीच्या काळात असा दिवस कोणाच्या कल्पनेतही नसेल. मला या शहराचा अभिमान आहे आणि हे प्रकल्प येऊ नयेत असे माझे म्हणणे नाही. माझा प्रश्न इतकाच आहे की मुंबईत किंवा दिल्लीत ठरून वरून आलेला हा विकास ज्या समाजावर उतरतो, त्या समाजातल्या श्रीमंत आणि गरीब यांच्यातले अंतर तो कमी करतो की वाढवतो. माझे उत्तर असे आहे की पुष्कळदा तो वाढवतो. आणि त्याचे कारण कोणाच्या दुष्ट हेतूत नसून, विकासाचा लाभ कोणत्या कागदाच्या आधारे वाटला जातो यात आहे.

स्वतःच्या घरापासून सांगते. ऐंशीच्या दशकात माझ्या वडिलांनी सोमलवाड्याच्या बाजूला एका गृहनिर्माण संस्थेच्या ले-आऊटमध्ये भूखंड घेतला. तेव्हा तिथे पावसाळ्यात चिखलातून चालावे लागे आणि नळ नव्हता. पुढे विनापरवाना पाडलेले छोटे भूखंड नियमित करणारा गुंठेवारीचा कायदा आला, नागपूर सुधार प्रन्यासाची डिमांड नोट भरली, नियमितीकरणाचे पत्र, म्हणजे आर. एल., मिळाले आणि भूखंड नियमित झाला. नागपुरात नियमित करायच्या अनधिकृत ले-आऊटचे ५७२ आणि १९०० हे आकडे ज्याला ठाऊक आहेत त्याला हा सगळा प्रवास सांगायला नको. त्यानंतर वर्धा रोडवर मेट्रोचे खांब उभे राहिले, उज्ज्वल नगरचे स्थानक झाले, आणि आमच्या भूखंडाची किंमत वडिलांनी आयुष्यभर केलेल्या बचतीच्या कितीतरी पट झाली. ही वाढ आमच्या कष्टाची नाही. ती सार्वजनिक पैशातून आली, आणि त्या पैशात काडेपेटीपासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत प्रत्येक वस्तूवर अप्रत्यक्ष कर भरणाऱ्या गरिबाचाही वाटा आहे.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी त्याच परिसरात एका खोलीत भाड्याने राहत होत्या. मेट्रो सुरू झाल्यानंतर त्यांचे भाडे वाढले. "घरमालक म्हणते, मेट्रो आली तं भाडं वाढनच ना, ताई," असे त्या शांतपणे म्हणाल्या. काही काळाने त्या बेसा ओलांडून पलीकडे राहायला गेल्या. तिथून आमच्याकडे यायला त्यांना आधी शेअर ऑटो आणि मग पायपीट करावी लागते, कारण मेट्रोची रेषा त्यांच्या नव्या घराच्या जवळून जात नाही. एकाच सरकारी निर्णयाने आमच्या घरात संपत्ती आली आणि त्यांच्या घरातला रोजचा खर्च आणि वेळ वाढला. आमच्या दोघींत अंतर आधीही होतेच, पण ते पूर्वी आमच्या शिक्षणाचे आणि पगाराचे होते. आता त्यात जमिनीच्या भावाचे अंतर मिळाले आहे, आणि ते कोणत्याही पगारवाढीने भरून निघणारे नाही.

याला कोणी अपवादाची गोष्ट म्हणेल, पण धोरणांची रचनाच तशी आहे. मेट्रोमार्गाच्या दोन्ही बाजूंना ५०० मीटरच्या पट्ट्यात चारपर्यंत चटईक्षेत्र, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या चौपटीपर्यंत बांधकाम, देण्याचे धोरण नागपुरात आले. त्यामागचा विचार चुकीचा नाही, कारण स्थानकाजवळ जास्त माणसे राहिली तर गाडीला प्रवासी मिळतात. पण वाढीव चटईक्षेत्र मिळते ते भूखंडाच्या मालकाला. मोठा भूखंड असेल आणि बांधकाम व्यावसायिकाशी करार करण्याची ऐपत असेल तर लाभ मोठा. भाडेकरूला तो पट्टा सोडून जाण्याची वेळ येते. खरेदी-विक्रीच्या मुद्रांक शुल्कावर मेट्रोसाठी एक टक्का अधिभार आहे, म्हणजे वाढलेल्या किमतीतला थोडा भाग सरकारकडे परत येतो. पण तो पुन्हा वाहतूक प्रकल्पांकडेच जातो. ज्याचे भाडे वाढले त्याच्यापर्यंत तो पोहोचण्याचा मार्ग कोणी आखलेला नाही.

समृद्धी महामार्गाचेही असेच झाले. हिंगणा तालुक्यातल्या शिवमडक्यापासून हा मार्ग सुरू होतो. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्यासाठी सुरुवातीला झालेल्या विरोधानंतर सरकारने थेट खरेदीचा मार्ग घेतला आणि बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत मोबदला दिला. ज्यांच्या नावावर सातबारा होता त्यांच्यापैकी अनेकांनी त्या पैशात दुसरीकडे जमीन घेतली, घर बांधले, मुलांना शिकायला पाठवले, आणि त्याचा मला आनंदच आहे. पण त्याच शेतात सालदार म्हणून राबणारा, ठोक्याने, म्हणजे ठरावीक रकमेवर, दुसऱ्याचे वावर करणारा, निंदायला आणि कापूस वेचायला जाणाऱ्या बायकांचा ताफा, यांचे नाव सातबाऱ्यावर कधीच नव्हते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने संपादनापूर्वीची तीन वर्षे त्या जमिनीवर उपजीविका करणाऱ्या शेतमजुराच्या कुटुंबालाही बाधित कुटुंब मानले आहे. थेट खरेदीच्या व्यवहारात मात्र विकणारा आणि घेणारा असे दोनच पक्ष असतात. जमीन गेली तेव्हा मालकाला मोबदला मिळाला आणि मजुराचे काम गेले. त्या महामार्गावर दुचाकीला प्रवेश नाही, त्यामुळे मजुराच्या मुलाने कर्ज काढून घेतलेली मोटारसायकल त्या रस्त्यावर चालत नाही. माझ्या मते एवढ्या एका तपशिलातून हा रस्ता कोणाला डोळ्यासमोर ठेवून आखला ते कळते.

अर्थशास्त्रात सायमन कुझनेट्स यांनी १९५५ मध्ये असा विचार मांडला होता की देशाची वाढ सुरू झाली की सुरुवातीला विषमता वाढते आणि पुढच्या टप्प्यावर ती आपोआप कमी होऊ लागते. आपल्याकडचे अनेक नियोजनकार आजही नकळत त्याच भरवशावर बोलतात: आधी मोठे प्रकल्प येऊ द्या, लाभ खाली झिरपेल. भारताचा अनुभव या भरवशाच्या बाजूने बोलत नाही. थॉमा पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार देशाच्या एकूण उत्पन्नातला सर्वांत वरच्या एक टक्का लोकांचा वाटा १९८२ मध्ये सुमारे ६ टक्के होता आणि २०२२-२३ मध्ये तो २२.६ टक्के झाला. या आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे, जी सरकारला सरसकट दोष देणाऱ्यांनीही लक्षात घ्यायला हवी. विषमता सर्वांत कमी होती तो काळ सरकारी नियोजनाचा, म्हणजे वरूनच सारे ठरवण्याचा काळ होता. तेव्हा सरकारने वरून आणलेली प्रत्येक गोष्ट विषमता वाढवतेच असे म्हणणे खरे नाही.

नागपुरातच याचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. १९४७ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, ज्याला सारा विदर्भ नुसते 'मेडिकल' म्हणतो, ते काही ग्रामसभांना विचारून उभे राहिले नव्हते. तरी गडचिरोली-गोंदियापासून बालाघाट-छिंदवाड्यापर्यंतची गरीब माणसे आपला माणूस हातातून जातो आहे असे वाटले की त्याला मेडिकलला आणतात. तिथे व्हरांड्यात नातेवाईक झोपलेले असतात, औषधे बाहेरून आणावी लागतात, त्या सगळ्या उणिवा मी पाहिल्या आहेत. पण तिथल्या खाटेवर झोपायला सातबारा लागत नाही. आजारी असणे एवढीच पात्रता आहे, आणि आजार गरिबाच्या वाट्याला जास्त येत असल्यामुळे ती संस्था लाभाचा ओघ आपोआप खालच्या बाजूला वळवते. रोजगार हमी योजनेचेही तसेच होते. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने ती मोठ्या प्रमाणावर राबवली, पुढे तिचा कायदा केला, आणि तीत अंगमेहनतीची तयारी हीच पात्रता ठेवल्यामुळे धनवानाला तिचा थेट लाभ घेण्याचे कारण उरले नाही. योजना आखतानाच तिचे दार कोणत्या उंचीचे ठेवायचे हे ठरत असते.

सिंचनाच्या बाबतीत मात्र आपण हे दार फार उंच ठेवले, आणि गोसीखुर्दचा विचार करताना मला सर्वांत जास्त त्रास होतो. भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ वैनगंगेवर होणाऱ्या या धरणाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. मूळ खर्च ३७२ कोटी रुपयांचा होता. तो पुढे अठरा हजार कोटींच्या वर गेला. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील अडीच लाख हेक्टर जमीन ओलिताखाली आणण्याचे स्वप्न होते आणि विदर्भाच्या सिंचन अनुशेषावर तेच मोठे उत्तर मानले गेले. प्रकल्पाला राष्ट्रीय दर्जा मिळाला, कालव्यांच्या कामांतल्या गैरप्रकारांच्या चौकश्या झाल्या, आणि भूमिपूजनानंतर पाव शतकाने, २०१३ मध्ये, प्रकल्पग्रस्तांसाठी सुमारे १,२०० कोटींचे विशेष पॅकेज जाहीर झाले. या पाव शतकात ज्यांची गावे बुडीत क्षेत्रात होती त्यांची एक अख्खी पिढी, घर दुरुस्त करायचे की सोडून जायचे, विहीर खोदायची की नाही, मुलीचे लग्न या गावात करायचे की पुनर्वसित गावठाणात, अशा अधांतरी अवस्थेत जगली. गरिबाकडून हिसकावून घेतलेला हा काळ कोणत्याही मोबदल्याच्या तक्त्यात मांडला जात नाही. मध्यमवर्गीय माणूस अनिश्चिततेत बँकेतल्या ठेवीवर टिकून राहतो. दोन एकरांच्या शेतकऱ्याला आणि नदीवर जाळे टाकणाऱ्या ढिवराला तशी ठेव नसते.

त्यात नागपूरकर म्हणून आपला एक वेगळा वाटा आहे. आपल्या शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि तिथून वैनगंगेला मिळते, आणि गोसीखुर्दच्या जलाशयात साठते. ज्यांनी जमीन दिली त्यांच्या काठाला शहराची घाण येते. आपण पेंचचे पाणी पितो, जे मुळात सिंचनासाठीही अडवलेले होते, आणि वापरून झालेले पाणी दुसऱ्या धरणाच्या काठच्या गावांकडे पाठवतो. शहराजवळच्या कोराडी आणि खापरखेडा या औष्णिक वीज केंद्रांची गोष्ट याहून निराळी नाही. वीज सगळ्या महाराष्ट्राला जाते आणि राख भोवतालच्या गावांवर राहते. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला तेव्हा ती शेतांत आणि नाल्यांत पसरली.

गोसीखुर्दच्या संदर्भात मला नेहमी वाटत आले आहे की महाराष्ट्राकडे याचे उत्तर होते आणि ते आपणच हातातून घालवले. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने १९७६ मध्ये केला, देशातल्या इतर राज्यांच्या कितीतरी आधी, आणि तो पुढे १९८६ व १९९९ मध्ये नव्याने केला. त्याच्या गाभ्याशी एक फार न्याय्य कल्पना होती: धरणाच्या पाण्याने ज्यांची जमीन भिजणार आहे, त्यांच्यापैकी ठरावीक मर्यादेहून जास्त जमीन असणाऱ्यांनी तिचा काही भाग द्यावा, आणि ती जमीन ज्यांचे गाव बुडाले त्यांना मिळावी. लाभधारक आणि विस्थापित यांना एकाच हिशेबात आणणारी ही तरतूद होती. प्रत्यक्षात लाभक्षेत्रातल्या मोठ्या शेतकऱ्यांकडून जमीन घेणे राजकीयदृष्ट्या अवघड गेले, आणि जमिनीऐवजी रोख रक्कम देण्याकडे कल वाढत गेला. रोख रक्कम सावकाराचे देणे, लग्न आणि आजारपण यांत किती लवकर संपते हे कोणत्याही पुनर्वसित गावात विचारावे. मेट्रोलाही हेच तत्त्व लावता आले असते. भूखंडधारकांना मिळालेल्या वाढीव चटईक्षेत्रातला एक निश्चित हिस्सा त्याच पट्ट्यातल्या भाडेकरूंच्या परवडणाऱ्या घरांसाठी सक्तीने राखून ठेवला असता, तर आमच्या मावशींना बेसा ओलांडून जावे लागले नसते. आमच्यासारख्या भूखंडधारकांनी याला विरोध केला असता हेही मला ठाऊक आहे. म्हणूनच हा प्रश्न निव्वळ सरकारच्या सद्बुद्धीचा राहत नाही.

शहराच्या पूर्वेकडे, पारडी, भरतवाडा, पुनापूर, भांडेवाडी या भागात स्मार्ट सिटीखाली १,७३० एकरांचा क्षेत्रविकास ठरला तेव्हाही हाच पेच पुढे आला. नगररचना योजनेत सर्वसाधारणपणे प्रत्येकाच्या जमिनीतला काही हिस्सा, ४० टक्क्यांपर्यंत, रस्ते आणि सुविधांसाठी घेऊन उरलेली जमीन आकार देऊन परत केली जाते. ऐकायला हे समान वाटते. पण पाच एकरांच्या मालकाला उरलेल्या तीन एकरांचा भाव वाढून मिळतो, आणि ज्याने आयुष्याच्या कमाईत हजार चौरस फुटांवर दोन खोल्या बांधल्या त्याच्या घरातूनच रस्ता जातो. तिथल्या छोट्या भूखंडधारकांनी विरोध केला तो विकासाला विरोध म्हणून गणला गेला. त्या वस्तीला रस्ता आणि गटार नको होते असे मुळीच नाही. आपल्या घराची रेषा कागदावर पडण्याआधी आपल्याला विचारले गेले नाही, हे त्यांचे दुःख होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सांगितले होते की २६ जानेवारी १९५० पासून आपण एका विसंगत जीवनात प्रवेश करणार आहोत. राजकारणात समता असेल आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता राहील. त्यांच्या स्मृतीने पावन झालेल्या दीक्षाभूमीवर १ जुलै २०२४ रोजी जे घडले ते मला म्हणूनच महत्त्वाचे वाटते. सुशोभीकरणाच्या मोठ्या योजनेत भूमिगत वाहनतळाचे खोदकाम सुरू झाले, हजारो लोक जमले, संताप उसळला आणि सरकारला त्या कामाला स्थगिती द्यावी लागली. त्या दिवशीच्या तोडफोडीचे मी समर्थन करत नाही. परंतु ज्यांची ती भूमी, त्यांचे म्हणणे खोदकाम सुरू होण्याआधी ऐकले गेले असते तर तो दिवस उगवला नसता. त्यांच्यापाशी संख्या होती, संघटन होते, म्हणून त्यांचे ऐकले गेले. शिवमडक्याच्या मजुरापाशी यातले काहीच नाही.

विचारून केलेला विकास कसा दिसतो हे पाहायला आपल्याला विदर्भाबाहेर जावे लागत नाही. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा दिली आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला, आणि जो बांबू पूर्वी कंत्राटाने बाहेर जात होता त्याचे उत्पन्न गावात राहू लागले. इथेही कायदा दिल्लीतच झाला होता, हे विसरू नये. फरक असा की त्या कायद्याने गावाला मोबदला घेणारा पक्ष न मानता निर्णय घेणारी सभा मानले, आणि हक्क एकेकट्या मालकाच्या नावावर न देता साऱ्या गावाच्या नावावर दिला. त्याचबरोबर गावाच्या हाती सत्ता दिली की सारे समान होतात असा भाबडा विश्वासही मी बाळगत नाही. भंडारा-गोंदियाचे जुने मालगुजारी तलाव हे पाण्याच्या स्थानिक व्यवस्थापनाचे सुंदर उदाहरण आहेत, पण त्या व्यवस्थेत पाणी, जमीन आणि माणसांच्या श्रमावर मालगुजाराचीच, म्हणजे त्या काळच्या जमीनदाराचीच, सत्ता होती, आणि ती मोडायला १९५० चा सरकारी कायदा लागला. गावातल्या बलवानाला आवरायला सरकार लागते आणि सरकारला आवरायला गावातली दुबळी माणसे सभेत बोलती व्हावी लागतात. या दोन्हींपैकी एक सुटले की लाभ पुन्हा वरच्यांकडेच जातो.

हे सगळे आज लिहिण्याचे कारण ताजे आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हिंगणा तालुक्यातल्या गोधनी (रिठी) आणि लाडगाव इथे सुमारे ६९२ हेक्टरवर 'नवीन नागपूर' या नावाने आंतरराष्ट्रीय व्यवसाय व वित्तीय केंद्र उभारायला मंजुरी दिली, आणि शहराभोवती नव्या बाह्य वळण रस्त्यालाही. मेट्रोचा दुसरा टप्पा बुटीबोरी, हिंगणा, कन्हान आणि कापसीच्या दिशांनी जाणार आहे. म्हणजे येत्या काही वर्षांत शहराच्या चारही बाजूंना हजारो कुटुंबांच्या जमिनीचे भाव, भाडी आणि रोजगार बदलणार आहेत. या प्रत्येक गावात मोजणीची खूण ठोकण्याआधी ग्रामसभेत दोन याद्या वाचून दाखवाव्यात, अशी मागणी मी करते. एक यादी सातबाऱ्यावर नाव असणाऱ्यांची, जी तलाठ्याकडे तयारच असते. दुसरी यादी त्या शिवारात मजुरीवर, ठोक्याने, गुरे राखून किंवा भाड्याच्या खोलीत राहून जगणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची, आणि तिच्यात बायकांची नावे स्वतंत्र लिहिलेली असावीत. मोबदल्याची आणि विकसित भूखंडांची बोलणी दोन्ही याद्यांतल्या माणसांशी व्हावीत, आणि उद्या त्या जमिनीवर उभ्या राहणाऱ्या इमारतींच्या वाढीव किमतीतला एक हिस्सा दुसऱ्या यादीतल्या कुटुंबांच्या घरांसाठी त्याच परिसरात राखून ठेवला जावा. दुसरी यादी तयार करायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. गावातल्या आशा सेविकेला आणि अंगणवाडीच्या ताईंना ती बहुतेक तोंडपाठ असते.